पोटावरच्या रेघा आणि कमरेचे माप

चाळिशी उलटलेल्या पुरुषाचे पोट सुटणे ही गोष्ट मराठी मध्यमवर्गात फार काळ चिंतेची मानली जात नव्हती. ‘खाऊनपिऊन सुखी’ अशा शब्दांत तिचे वर्णन होई, सासुरवाडीला तिचे कौतुक वाटे आणि शिंप्याकडून पँट दोन बोटे सैल करून घेतली की प्रश्न मिटे. नोकरी कायम झाली, घराचे हप्ते फिटत आले, मुले कॉलेजात गेली, याची ती जणू दृश्य पावतीच असे. गेल्या वीस वर्षांत या पावतीचे मोल उतरले आहे. आता त्याच वयाचा व त्याच उत्पन्नगटातील गृहस्थ पहाटे साडेपाचला जिममध्ये जातो, भाताला हात लावीत नाही, आणि आंघोळीपूर्वी आरशासमोर उभा राहून पोटावरील स्नायूंच्या रेघा उमटू लागल्या की नाही हे निरखतो. साठी ओलांडलेले निवृत्त लोकही या वाटेने निघाले आहेत.

हा बदल नेमका केव्हा सुरू झाला हे सांगणे कठीण असले, तरी ‘सिक्स पॅक’ हा शब्द घरोघरी केव्हा पोहोचला ते सांगता येते. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘ओम शांती ओम’ हा चित्रपट आला आणि बेचाळीस वर्षांच्या शाहरुख खानने एका गाण्यात आपले उघडे पोट प्रेक्षकांना दाखविले. पुढच्याच वर्षी ‘गजनी’मध्ये त्रेचाळिशीतील आमिर खानने त्याचीच री ओढली. बायकामुले असलेल्या, चाळिशी पार केलेल्या पुरुषांनी हे करून दाखविले, यातच त्याचे सारे आकर्षण होते. २०१५ साली मिलिंद सोमण याने पन्नाशीच्या उंबरठ्यावर झ्यूरिक येथील ‘आयर्नमॅन’ शर्यत पूर्ण केली, तेव्हा वयाची सबब पुढे करण्याची सोयही उरली नाही. या साऱ्यांचे कौतुक करण्यात गैर काहीच नाही. फक्त एक हिशेब ध्यानात ठेवावयास हवा. नटाचे शरीर हे त्याच्या व्यवसायाचे भांडवल असते. त्यावर केलेला खर्च तिकीटखिडकीवर वसूल होतो. बँकेतील अधिकाऱ्याचे किंवा माध्यमिक शाळेतील मुख्याध्यापकाचे तसे नसते. त्याने हा खर्च कशासाठी करावयाचा आणि कोठपर्यंत करावयाचा, हा प्रश्न त्याच्यासाठी कोणी सोडवून दिलेला नाही.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रिकामपण मिरविणाऱ्या वर्गाचे विवेचन केले. वस्तूची उपयुक्तता एक आणि तिने समाजाला कळविलेली प्रतिष्ठा दुसरी, हा त्याचा मुद्दा शरीरालाही लागू पडतो. धान्य दुर्मिळ होते तेव्हा दोंद हे सुबत्तेचे चिन्ह होते. काटकुळे असणे हे राबणाऱ्यांचे नशीब होते. आज परिस्थिती उलटली आहे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात दरडोई खाद्यतेलाचा वार्षिक वापर १९.७ किलोवर गेला आहे. तेल, साखर आणि मैदा यांनी भरलेले पोट ही आता कोणालाही परवडणारी गोष्ट आहे. बटाटावडा सर्वांना मिळतो. न खाण्याचे स्वातंत्र्य, त्याऐवजी उकडलेली अंडी व पनीर घेण्याची ऐपत आणि रोजचा दीड तास मोकळा असणे, हे थोड्यांनाच मिळते. फ्रेड हिर्श याने १९७६ साली ज्यांना स्थानदर्शक वस्तू म्हटले, त्यांच्यात पोटावरच्या रेघा चपखल बसतात. त्या सर्वांना लाभल्या तर त्यांचे मोल राहणार नाही. त्या बहुतेकांना लाभत नाहीत म्हणूनच त्या हव्याशा वाटतात.

या रेघा म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करणे बरे. खालच्या फासळ्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत उभे उतरणारे दोन चपटे स्नायू प्रत्येक मनुष्याला असतात. त्यांना आडवे छेदणारे तंतुमय पट्टे सामान्यतः तीन असतात. कोणात एखादा कमी, कोणात एखादा अधिक. डाव्या-उजव्या बाजूंचे पट्टे समोरासमोर येतील की नागमोडी, हेही जन्मतः ठरलेले असते, आणि कितीही बैठका मारल्या तरी ते बदलत नाही. रेघा नसतात असे नाही. त्या कातडीखालच्या चरबीने झाकलेल्या असतात. पुरुषात त्या दिसण्यासाठी शरीरातील चरबीचे प्रमाण साधारणपणे वजनाच्या दहा-बारा टक्क्यांपर्यंत उतरावे लागते. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी वितळते हा समज जितका जुना तितकाच खोटा आहे. चरबी कोठून आधी उतरवावयाची हे शरीर आपल्या क्रमाने ठरविते, आणि मध्यमवयीन पुरुषाच्या बाबतीत पोटाची कातडीखालची चरबी बहुधा सर्वांत शेवटी हलते.

आता साधा अंकगणिती हिशेब करून पाहू. ऐंशी किलो वजनाचा आणि अठ्ठावीस टक्के चरबी असलेला पन्नाशीचा गृहस्थ घेतला, तर त्याच्या अंगावर बावीस किलोंहून थोडी अधिक चरबी असते. ती बारा टक्क्यांवर आणावयाची, आणि तीही स्नायूंची तसूभरही झीज होऊ न देता, तर त्याला साडेचौदा किलो चरबी उतरवावी लागेल. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठविलेल्या असतात. म्हणजे एकूण तूट एक लाख अकरा हजार कॅलरींची. रोज पाचशे कॅलरी कमी पडू दिल्या, तर सव्वादोनशे दिवस लागतात. या सव्वादोनशे दिवसांत गणपती येतो, दिवाळी येते, पुतण्याचे लग्न येते, आणि कचेरीतील निरोपसमारंभ तर दर महिन्याला असतात. शिवाय वजन उतरत जाते तसा शरीराचा खर्चही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षातील मुदत कागदावरच्या मुदतीहून लांबते. हे अशक्य नाही. परंतु ज्या जाहिराती बारा आठवड्यांत ते साधून देण्याचे आश्वासन देतात, त्यांच्या लेखकांनी हा हिशेब केलेला नसतो, किंवा केलेला असून सांगितलेला नसतो.

येथे वयाला फुकाचा दोष देण्याची एक पद्धत आहे. चाळिशीनंतर शरीराची भट्टी मंदावते, म्हणून पोट सुटते, असे डॉक्टरही सांगत आले. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पॉन्ट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणतीस देशांतील सहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या ऊर्जाव्ययाची मोजणी प्रसिद्ध केली. शरीराचा आकार व घडण हिशेबात घेतली, तर विशीपासून साठीपर्यंत हा व्यय जवळजवळ स्थिर राहतो, असे तीत आढळले. उतार लागतो तो साठीनंतर, आणि तोही वर्षाला एक टक्क्याहून कमी. तेव्हा चाळिशीतील पोट हे भट्टी मंदावल्याचे फळ नसून मोटार घेतल्याचे, बढती मिळून खुर्चीला खिळल्याचे आणि संध्याकाळच्या फरसाणाचे फळ आहे. मात्र तिशीनंतर वापर नसलेले स्नायू हळूहळू झिजू लागतात, ही गोष्ट खरी आहे. वजनकाट्यावर ती दिसत नाही, कारण गेलेल्या स्नायूची जागा चरबी गुपचूप भरून काढते.

आता खऱ्या प्रश्नाकडे वळावयास हवे. पोटात चरबी दोन ठिकाणी साठते. एक कातडीखाली, चिमटीत धरता येते ती; दुसरी आत, यकृत व आतडी यांच्याभोवती, स्नायूंच्या भिंतीपलीकडे. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी अधिक निकटचा संबंध आहे तो या दुसरीचा. आरशात रेघा झाकते ती पहिली. म्हणजे आरसा ज्या गोष्टीचा निकाल देतो ती तुलनेने निरुपद्रवी आहे आणि जी घातक आहे ती आरशाला दिसतच नाही. दैवाने येथे एक सवलतही ठेवली आहे: चालणे-पळणे सुरू केले व आहार आवरला, की आतली चरबी सामान्यतः बाहेरच्या चरबीहून लवकर उतरू लागते. मनुष्याला लाभ होण्यास आरंभ होतो तेव्हा आरशात काहीच दिसत नसते.

भारतीय माणसाच्या बाबतीत या भेदाला विशेष महत्त्व आहे, आणि तो जगापुढे ठळकपणे मांडण्याचे श्रेय पुण्याकडे जाते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची दोन छायाचित्रे छापली. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक दोघांचाही एकच, २२.३, म्हणजे कोणत्याही तक्त्याप्रमाणे दोघेही सडपातळ. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून जो माता-पोषणाचा अभ्यास चालविला, त्यात या गोष्टीचे मूळ गर्भापर्यंत जाते असे दिसून आले. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे सुमारे साडेतीन किलो. या लहानग्या देहात कमी पडले होते ते स्नायू व इंद्रिये; चरबी त्या मानाने राखली गेली होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपुऱ्या पोषणाने घडलेले हे शरीर पुढे सुबत्तेच्या ताटासमोर बसते, तेव्हा हातपाय काडीसारखेच राहतात आणि पोट तेवढे पुढे येते. मराठी मध्यमवर्गाच्या कोणत्याही लग्नमंडपात हे दृश्य पाहावयास मिळते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे या दृष्टीने बोलके आहेत. वजनाच्या निर्देशांकाप्रमाणे देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष स्थूल किंवा अतिवजनी ठरतात. त्याच सर्वेक्षणात कंबर व नितंब यांचे गुणोत्तर घेतले, तेव्हा ५७ टक्के स्त्रिया आणि ४८ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेपलीकडे आढळले. एकाच लोकसंख्येला दोन मापे लावली तर रोग्यांची संख्या दुपटीहून अधिक होते. कोणते माप लावावयाचे हा वाद केवळ तज्ज्ञांचा नव्हे, हे यावरून कळावे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे सीमांत लाभाचा विचार करील. कमरेचे माप नव्व्याण्णव सेंटिमीटरवरून नव्वदवर आणणे ही एक गोष्ट आणि नव्वदवरून पोटावर रेघा दिसण्यापर्यंत जाणे ही दुसरी. दक्षिण आशियाई पुरुषासाठी ९० आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते. पहिल्या टप्प्याला रोज अर्धापाऊण तासाचे झपाझप चालणे, आठवड्यातून दोनतीनदा जोर-बैठका किंवा वजने आणि ताटातील भात-पोळीची थोडी छाटणी एवढे भांडवल पुरते. प्रकृतीचा बहुतेक लाभ याच टप्प्यात पदरात पडतो. दुसऱ्या टप्प्यात खर्च झपाट्याने चढतो आणि लाभ जवळजवळ थांबतो. मोजूनमापून खाणे, सणासुदीला वेगळे बसणे, सतत अर्धपोटी राहिल्याने येणारी चिडचिड व निद्रानाश, आणि हे सारे साधल्यावर ते टिकविण्यासाठी तोच जाच पुढे चालू ठेवणे! स्पर्धेतील शरीरसौष्ठवपटूदेखील तसे शरीर वर्षातील थोडेच दिवस ठेवतात. मंचावर जाण्यापूर्वी पाणी तोडून व मीठ वर्ज्य करून आणलेला तो देखावा वर्षभराचा आहे असे समजणे म्हणजे वरातीतील घोड्याचा साज रोजचा समजण्यासारखे आहे.

पण खरे नुकसान दुसऱ्या टप्प्यावर जाणाऱ्या थोड्यांचे होत नाही. ते होते पहिल्याच टप्प्यावरून परत फिरणाऱ्या पुष्कळांचे. जानेवारीत वर्षाची वर्गणी भरून जिमला जाणारा पन्नाशीचा गृहस्थ तीन महिने नेटाने जातो. त्याची कंबर दोन इंच उतरलेली असते, जिने चढताना दम लागत नाही, उपाशीपोटीची साखर खाली आलेली असते. परंतु आरशात रेघा नसतात. आणि त्याने यश मोजावयाचे ठरविले होते ते रेघांनी. आपल्या वयात हे होणे नाही असा निष्कर्ष काढून तो घरी बसतो. व्यवसाय नफ्यात असताना चुकीच्या हिशेबवहीमुळे दुकान बंद करावे, तसा हा प्रकार होय. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय मधुमेह प्रतिबंध प्रकल्पाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या काठावर असलेल्या ५३१ व्यक्ती त्यात होत्या. ज्यांना नियमित चालणे व आहारातील बदल एवढेच सांगितले होते, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते. काट्यावर नाही आणि आरशातही नाही अशा ठिकाणी लाभ झाला होता.

आपल्याकडच्या जुन्या व्यायामपरंपरेला ही गफलत कधी झाली नाही. कोल्हापूरच्या तालमीतील वजनदार पैलवानाच्या पोटावर रेघा शोधण्याचे कोणाच्या मनात आले नाही. जोर किती निघतात आणि पट कसा काढतो, हे पाहिले जाई. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो राजापासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांनी करावयाचा नित्यनेम म्हणून. त्याला साधन लागत नव्हते आणि प्रेक्षकही लागत नव्हता. बंगालचे मनोहर आईच १९५२ साली ‘मिस्टर युनिव्हर्स’ झाले, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते, आणि शंभरी पार करून २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. जुने सारे चांगले होते असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तालमीच्या हौद्यात स्त्रियांना आणि कित्येक जातींना जागा नव्हती, हे विसरता येत नाही. तथापि शरीराची परीक्षा ते काय करू शकते यावरून घ्यावयाची, हा दंडक मध्यमवयाला अधिक मानवणारा होता.

स्नायूंचे खरे मोल साठीनंतर कळते. जमिनीवरून हात न टेकता उठणे, बसच्या पायरीवर चढणे, पाय घसरल्यास तोल सावरणे, ही कामे स्नायूंची आहेत. आणि म्हातारपणीचे परावलंबित्व बहुधा यांपैकीच एखाद्या गोष्टीपासून सुरू होते. १९९० साली मारिया फियाटारोन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका शुश्रूषागृहात नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम दिले. एकाने मध्येच सोडले. उरलेल्यांच्या पायांतील शक्ती सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. वय झाले म्हणून स्नायू घडत नाहीत, हे म्हणणे यापुढे टिकत नाही. पन्नाशीत वजने उचलू लागलेला मनुष्य भविष्यनिर्वाह निधीइतकीच शहाणी गुंतवणूक करीत असतो, मग त्याच्या पोटावर रेघा उमटोत वा न उमटोत.

आता बाजारात इंजेक्शनेही आली आहेत. टिर्झेपेटाइड हे औषध मार्च २०२५ मध्ये आणि वजन घटविण्यासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात विक्रीस आले. ज्यांना ती वैद्यकीय कारणाने हवीत त्यांच्यासाठी ती मोठीच सोय आहे. मात्र त्यांनी उतरणाऱ्या वजनात स्नायूंचाही लक्षणीय वाटा असतो, आणि ज्यांच्याकडे मुळातच स्नायू कमी आहेत अशा आपल्या लोकांनी व्यायामाची जोड न देता ती घेतली तर बारीक आणि दुबळे असे दोन्ही होण्याचा धोका आहे. जिममधील ओळखीने मिळणाऱ्या संप्रेरकांच्या सुया आणि लेबल नसलेल्या पावडरी यांचा तर विचारच नको. पन्नाशीच्या हृदयावर हे प्रयोग करू नयेत.

या सगळ्या खर्चातील एक बाब कोणत्याही हिशेबात धरली जात नाही. पतीच्या रेघांसाठी लागणारा स्वतंत्र स्वयंपाक कोण करते? भाकरी वेगळी, कोशिंबीर वेगळी, मुलांच्या डब्याला पराठा वेगळा आणि सासूबाईंचा मऊ भात वेगळा, हे चार गॅस एकाच ओट्यावर सांभाळणारी व्यक्ती बहुधा त्याच वयाची असते आणि कमरेच्या मापात तिचा धोका वरच्या आकड्यांप्रमाणे अधिकच असतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरात चरबीचा ओघ मांड्यांकडून पोटाकडे वळतो, ही त्यात भर. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील २८९ मिनिटांचा वेळ त्यांत जातो, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटांचा. पुरुषाचा पहाटेचा दीड तास आकाशातून पडत नाही. तो घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी वेळातून काढलेला असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जिमच्या शुल्कावरील वस्तू व सेवा कर अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण जिची अडचण पैशाची नसून पहाटे साडेपाच ते सात या वेळेची आहे, तिला या सवलतीचा उपयोग नाही. नवऱ्याने आठवड्यातील तीन दिवस सकाळचा चहा व डबे आपल्याकडे घेतले, तर त्या घरातील दोन कमरा उतरू शकतील.

ग्रामीण भागात आशा सेविका तीस वर्षांवरील प्रत्येकाची जी तपासणी-यादी भरतात, तिच्यात वजनाचा रकाना नाही, कमरेचा आहे. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, नव्वद ते शंभरमध्ये एक, शंभराच्या पुढे दोन. स्त्रीसाठी हीच मोजणी ऐंशीपासून सुरू होते. शिंप्याकडे असते तसली टेप त्यासाठी पुरते. हीच टेप शहरातील सोसायट्यांच्या आरोग्यशिबिरांत क्वचितच दिसते. तेथे वजन आणि रक्तदाब घेऊन, चहाबिस्किटे देऊन लोकांना घरी पाठविले जाते.